पलंगाखालून ती बाहेर येईल, पण तिच्या वेळेने

गेल्या अंकात दत्तक घेतलेल्या प्राण्यांविषयी प्रश्न मागवले, तेव्हा मांजरांची पत्रे अधिक येतील असा माझा कयास होता. प्रत्यक्षात निम्म्याहून अधिक पत्रे एकाच प्रकारच्या कुत्र्याविषयी निघाली: घर मिळाले आहे, पोटाला मिळते आहे, कोणी हात उगारत नाही, आणि तरीही माणसाची चाहूल लागताच ते अंग चोरते. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर अशा भेदरलेल्या कुत्र्यांना दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. कुत्र्यांची नावे तशीच ठेवली आहेत, त्यांची हरकत नसावी.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. तीन आठवड्यांपूर्वी आम्ही आश्रयगृहातून अंदाजे अडीच वर्षांची कुत्री दत्तक घेतली. तिचे नाव शेवंती ठेवले आहे. आल्या दिवसापासून ती पलंगाखाली भिंतीला पाठ लावून बसते. आम्ही खोलीत असेपर्यंत खाण्याला तोंड लावत नाही. रात्री सगळे झोपल्यावर वाटी रिकामी होते. मी जवळ गेले तर दबकते, माझे यजमान आत आले तर थरथरू लागते. माझे दीर सांगतात की तिला रोज ओढून बाहेर काढा आणि मांडीवर घट्ट धरून बसा, चार दिवसांत भीड चेपेल. तसे करावे का? आणि तिला पूर्वी कोणी मारहाण केली असेल का? तिच्याकडे पाहून जीव तुटतो.

उत्तर : ओढून काढू नका, हे आधी स्पष्ट सांगते, आणि ते केवळ पुस्तकी ज्ञानाच्या बळावर सांगत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या घरी काळ्या नावाचा कुत्रा आला, तेव्हा चौथ्या दिवशी मी नेमके हेच केले होते. तो पलंगाखाली होता. मी पालथी पडून हात आत घातला, त्याच्या गळ्यातला पट्टा धरला आणि गोड बोलत बोलत ओढू लागले. त्याने आधी मान फिरवली, मग ओठांवरून जीभ फिरवली, मग तो पूर्ण ताठ झाला. हे तीनही इशारे मी पाहिले, पण त्यांचा अर्थ मला लागला नाही, आणि चौथा इशारा माझ्या मनगटावर उमटला. जखम आठवड्यात भरली. पण त्याआधी रात्री उंबऱ्यापर्यंत येऊन लांबूनच माझा वास घेऊन जाणारा काळ्या, त्यानंतर दोन महिने माझ्या चपलांचा आवाज आला की जागा सोडून निघून जाऊ लागला. चार दिवसांत जेवढे जमले होते तेवढेही मी घालवून बसले.

तुमच्या दिरांचा सल्ला पटण्यासारखा वाटतो, कारण घट्ट धरलेले कुत्रे काही वेळाने खरोखरच शांत होते. मात्र ती शांतता कशाची असते हे पाहायला हवे. अमेरिकेत १९६७ साली मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी केलेल्या, आज वाचतानाही अंगावर काटा आणणाऱ्या प्रयोगांत, ज्या कुत्र्यांना विजेच्या धक्क्यापासून सुटण्याचा कोणताच मार्ग ठेवलेला नव्हता, त्यांतल्या बहुतेकांनी पुढे सुटकेचा सोपा मार्ग समोर असूनही तो वापरून पाहिला नाही. ती धक्के सोसत पडून राहिली. मांडीवर दगडासारखे बसलेले कुत्रे निर्धास्त झालेले असते असे नाही. अनेकदा त्याने केवळ हात टेकलेले असतात. तुम्हाला शेवंतीकडून याच्या नेमके उलट हवे आहे. जवळ यावे की नाही हे आपल्या हातात आहे, नको वाटले तर निघून जाता येते आणि निघून गेल्यावर कोणी पाठलाग करत नाही, हे तिच्या अनुभवास यायला हवे. या उत्तरात पुढे जे काही लिहिले आहे, ते सगळे या एकाच गोष्टीच्या आधारावर उभे आहे.

मारहाणीविषयी. ती झाली असेलही, पण कुत्रे भिते एवढ्यावरून तसा निष्कर्ष काढता येत नाही. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते बाराव्या-चौदाव्या आठवड्यांदरम्यान त्याची माणसांशी ओळख होणे फार महत्त्वाचे असते. फ्रीडमन, किंग आणि एलियट या संशोधकांनी १९६१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही पिल्ले कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत, माणसाशी संबंध येऊ न देता वाढवली होती. ज्यांची माणसाशी पहिली गाठ चौदाव्या आठवड्यानंतर पडली, ती माणसापासून रानातल्या जनावरासारखी लांब पळत राहिली. त्यांना कोणी बोटही लावलेले नव्हते. काही भित्रेपणा तर रक्तातूनच येतो: रशियात दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ पासून सुरू केलेल्या प्रयोगात, माणसाला कमी भिणाऱ्या कोल्ह्यांचीच पैदास पिढ्यानपिढ्या केल्यावर माणसाळलेले कोल्हे निपजले, यावरून भीतीचा काही वाटा जन्मजात असतो हे दिसते. हे सांगण्याचे कारण असे की, छळाची कहाणी मनात रचली की आपली दया अनावर होते, आणि अनावर दया सारखा हात पुढे करते. शेवंतीला सध्या तुमचा हात नको आहे.

यजमानांना ती अधिक भिते यातही तिच्या पूर्वायुष्याचा पुरावा शोधू नका. जड पावले, रुंद खांदे आणि खर्जातला आवाज एवढे तिला पुरेसे असू शकते. पुरुषांना बिचकणारी कुत्री मी इतकी पाहिली आहेत की त्यात मला आता काहीच विशेष वाटत नाही.

आता काय करायचे ते. पलंगाखालची जागा तिची आहे असे समजा. तिथे जुनी चादर घाला, पाण्याचे भांडे तिला दोन पावलांत गाठता येईल असे ठेवा, आणि ती आत असताना कोणीही वाकून डोकावायचे नाही असा घरात नियम करा. वाकून पाहणारा चेहरा आपल्याला प्रेमळ वाटतो; पलंगाखालून मात्र बाहेर जायची एकमेव वाट अडवणारे एक मोठे डोके तेवढे दिसते. खोलीत जायचे ते रोज साधारण ठरलेल्या वेळी, नेहमीच्या चालीने. चोरपावलांनी जाऊ नका, कारण दबा धरून येणारे कोण असते हे कुत्र्याला माणसापेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. आत गेल्यावर तिच्याकडे कूस करून, काही अंतरावर जमिनीवर बसा आणि हलक्या आवाजात काहीही वाचत राहा. माझ्या काळ्याने विजेच्या उपकरणाची एक माहितीपुस्तिका अथपासून इतिपर्यंत ऐकली आहे. तिच्या डोळ्यांत डोळे घालून पाहू नका. जिव्हाळा जुळलेल्या मालकाने आणि कुत्र्याने एकमेकांकडे पाहिल्यावर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जवळिकीशी जोडलेले संप्रेरक वाढते असे एका जपानी अभ्यासगटाला २०१५ मध्ये आढळले आहे, हे खरे. पण ते जिव्हाळा जुळल्यानंतरचे आहे, आणि भ्यालेल्या कुत्र्याला रोखलेली नजर ही धमकीच वाटते.

उठताना तिला आवडणाऱ्या खाण्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा तिच्या बाजूला अलगद टाका आणि निघून जा. या निघून जाण्याला फार महत्त्व आहे, कारण आज तरी तुमचे जाणे हेच तिच्या लेखी खाण्याहून मोठे बक्षीस आहे आणि तुम्ही तिला दोन्ही एकदम देत आहात. काही दिवसांनी, तुम्ही बसलेले असतानाच तुकडा उचलला जाईल. त्यानंतर ती डोके बाहेर काढेल, मग पुढचे पाय, आणि एके दिवशी सगळी बाहेर येईल. त्या दिवशी आनंदाने टाळ्या वाजवू नका, हे मुद्दाम सांगते.

ती बाहेर येऊ लागली की तुकडा तुमच्याजवळ न टाकता तिच्या पलीकडे टाका. ती तुमच्यापासून लांब जाऊन तो खाईल, आणि मग मनात आले तर आपणहून वळून येईल. हातातून भरवण्याचा मोह इथे फार होतो, पण तो तूर्त टाळावा. भुकेपोटी मान लांबवून, मागचे पाय मात्र पळण्याच्या तयारीत ठेवून आलेले कुत्रे तुकडा संपताच भानावर येते. आपण नको इतके जवळ आलो आहोत हे त्याच्या लक्षात येते, आणि तेव्हाच ते दचकून पळते किंवा चावते. पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे, असे ताणलेले शरीर दिसले की समजावे, ती तुमच्याकडे आलेली नाही, खाण्याने तिला ओढून आणले आहे.

आणखी एक बारकावा, जो बहुतेकांकडून निसटतो. आधी माणूस आणि मग खाऊ, हाच क्रम ठेवावा. खाऊच्या डब्याचे झाकण नेहमी आधी वाजत असेल आणि त्यामागून भीतीदायक माणूस येत असेल, तर ती माणसाला खाऊशी जोडण्याऐवजी खाऊलाच भीतीशी जोडेल, आणि मग झाकण वाजताच पलंगाखाली जाईल. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ साली सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची भीती, तो आवडते पदार्थ खात असताना ससा हळूहळू जवळ आणत घालवली, आणि तेव्हाच त्यांनी बजावून ठेवले होते की हे काम निष्काळजीपणे केले तर सशाची भीती जाण्याऐवजी खाण्याचीच भीती बसू शकते. शंभर वर्षे झाली, तरी कुत्र्यांच्या बाबतीत नेमकी तीच चूक रोज होताना दिसते.

यजमानांनी तिच्याशी मैत्री करण्याचा प्रयत्नच करू नये. दिवसातून सात-आठ वेळा खोलीच्या दारावरून, न थांबता, न पाहता, एक तुकडा टाकत पुढे निघून जावे. तिचे जेवण त्यांनीच वाढावे आणि वाढून निघून जावे. महिनाभर एवढेच. काही दिवसांनी, ते दारावरून गेले की दबकण्याऐवजी ती मान उचलून तुकडा कुठे पडतो ते पाहू लागेल, आणि ती उचललेली मान दिसली की त्यांनी अंतर एका पावलाने कमी करून पाहावे.

या काळात तिच्या शेपटीवर नजर ठेवालच, पण तोंडही पाहत जा. झोप आलेली नसताना दिलेली जांभई, समोर खाणे नसताना चाटलेले ओठ, डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखा दिसणारा पांढरा भाग, मागे चिकटलेले कान, उचलून तसाच अधांतरी धरलेला पुढचा पाय, हे सारे ‘आता पुरे’ असे सांगण्याचे तिचे मार्ग आहेत. हे दिसले की दोन पावले मागे जा. आपले इशारे ऐकले जातात असे कळलेल्या कुत्र्याला आवाज चढवावा लागत नाही.

गोंजारण्याची वेळ येईल तेव्हा हात डोक्यावरून न नेता हनुवटीखाली किंवा छातीच्या बाजूला लावा, तीन आकडे मोजा आणि हात काढून घ्या. ती तिथेच राहिली किंवा अंग टेकले, तर पुन्हा तेवढेच. बाजूला झाली, तर त्या दिवसापुरते झाले. किती दिवस लागतील हे तुम्ही विचारलेले नाही, तरी सर्वांच्या मनात ते असते. सावरायला तीन दिवस, सरावायला तीन आठवडे, घर आपले वाटायला तीन महिने, असा एक ठोकताळा सांगितला जातो. साध्या, मनमिळाऊ कुत्र्यासाठी तो ठीक आहे. शेवंतीसारखीला त्याच्या कितीतरी पट वेळ लागू शकतो. आणि या सगळ्याच्या आधी पशुवैद्यांना एकदा घरी बोलावता आले तर पाहा. कानातले दुखणे, दाताचा ठणका, सांध्याची वेदना असलेले कुत्रेही असेच कोपरा धरून बसते, आणि दुखण्यावर धीर हा उपाय नव्हे.

प्रश्न : आमचा बंड्या ढग गडगडू लागले की न्हाणीघरात जाऊन थरथरत बसतो. मी त्याला जवळ घेते तेव्हा घरातले म्हणतात की अशा वेळी कुरवाळले तर भिण्याबद्दल शाबासकी दिल्यासारखे होते आणि भीती वाढते. हे खरे आहे का?

उत्तर : खरे नाही, आणि या समजुतीने पुष्कळ कुत्र्यांना विनाकारण एकटे पाडले आहे. बसणे, पंजा देणे ही कुत्र्याने केलेली कृती आहे. तिला बक्षीस मिळाले तर ती पुन्हा होते. भीती ही मनाची अवस्था आहे. तुम्ही लिफ्टमध्ये अडकून घाबरलेल्या असताना कोणी तुमच्या खांद्यावर हात ठेवला, तर पुढच्या वेळी तो हात मिळावा म्हणून तुम्ही अधिक घाबरणार नाही.

बंड्या तुमच्याकडे येत असेल तर खुशाल जवळ घ्या; हात स्थिर ठेवा, भराभर थोपटू नका आणि उंच सुरात ‘काही नाही, काही नाही’ असे घाईघाईने म्हणू नका, कारण त्या सुरात आपलीच धांदल त्याला ऐकू येते. त्याला न्हाणीघरच बरे वाटत असेल, तर दार उघडे ठेवा, खाली जाड कापड घाला आणि त्याला तिथेच बसू द्या. निरभ्र दिवसांत गडगडाटाचे ध्वनिमुद्रण अगदी बारीक आवाजात लावून सोबत खाऊ देण्याचा सराव करता येतो. मात्र खऱ्या वादळाबरोबर वीज लखलखते, हवेचा दाब आणि वास बदलतो, आणि यातले ध्वनिमुद्रणात काही नसते. त्यामुळे त्या सरावाकडून माफकच अपेक्षा ठेवावी.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी आणलेला वाघ्या त्याच्या कोपऱ्यात पडलेला असताना माझी आठ वर्षांची मुलगी त्याला मिठी मारायला गेली. तो तिच्यावर गुरगुरला. मी वर्तमानपत्राच्या सुरळीने त्याला दोन तडाखे दिले. त्यानंतर तो एकदाही गुरगुरलेला नाही. आता तो सुधारला असे समजावे का?

उत्तर : उलट, आता तो अधिक धोकादायक झाला आहे असे समजावे, आणि हे मी तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. रेल्वेच्या फाटकावरची घंटा बंद केली म्हणून गाडी यायची थांबत नाही. वाघ्याने आपल्याला काय नको आहे हे चावण्यापूर्वी सांगितले होते, आणि एका भेदरलेल्या कुत्र्याकडून याहून सभ्य वर्तनाची अपेक्षा करता येत नाही. तुमच्या तडाख्यांनी त्याची अस्वस्थता गेलेली नाही; सांगण्याची सोय तेवढी गेली. शिवाय त्याच्या दृष्टीने घटनेचा क्रम असा आहे की मुलगी जवळ आली आणि मार बसला. मुलगी जवळ येणे हे त्याच्यासाठी आता पूर्वीपेक्षा वाईट लक्षण आहे.

मिठी ही माणसाची रीत आहे. कुत्र्याला ती मानेभोवती पडलेल्या विळख्यासारखी वाटते. ओळखीची, निर्धास्त कुत्री ती आपल्या प्रेमाखातर सहन करतात आणि आपण घेतलेल्या छायाचित्रांत तोंड फिरवून बसलेली दिसतात. जुनी छायाचित्रे काढून पाहा, बहुतेकांत हे सापडेल.

आजपासून वाघ्याच्या कोपऱ्याला सीमा घाला. जमिनीवर रंगीत पट्टी चिकटवा आणि तिच्या आत तो असताना मुलीने जायचे नाही, हे तिला समजावून सांगा. आठ वर्षांचे मूल असा नियम मोठ्यांहून काटेकोरपणे पाळते. दोघे एका खोलीत असतील तेव्हा एक मोठे माणूस तिथे हवे, आणि ‘तिथे’ याचा अर्थ हातात फोन नसलेले. मुलीला करायला काम द्या: लांबून त्याचे नाव उच्चारायचे, त्याने पाहिले की खाऊचा तुकडा त्याच्या पलीकडे फेकायचा. जाळीचे मुसके घालण्याची सवय, खाऊ देत देत, काही आठवड्यांत लावून घ्या. त्यातून कुत्र्याला धापा टाकता येतात आणि पाणीही पिता येते, त्यामुळे ती शिक्षा ठरत नाही. हे सर्व करतानाच, कुत्र्यांच्या वर्तनाचा जाणकार प्रत्यक्ष घरी बोलावून वाघ्याला दाखवा. मूल घरात असताना पत्रातून दिलेल्या सल्ल्यावर विसंबू नये, माझ्याही नाही. आणि तो पुन्हा कधी गुरगुरला, तर मुलीला शांतपणे बाजूला घ्या आणि वाघ्याला काही बोलू नका. आवाज परत आला, ही चांगली बातमी असेल.

प्रश्न : आमची पिंगी फिरायला नेताना एका दुचाकीच्या आवाजाने मागे सरकली, गळ्यातला पट्टा डोक्यातून निसटला आणि ती पळाली. सुदैवाने चार तासांनी सापडली. पुन्हा बाहेर न्यायची भीती वाटते.

उत्तर : भित्रे कुत्रे पुढे ओढत नाही, मागे सरकते, आणि साधा गळपट्टा मागे सरकणाऱ्याला अडवत नाही. अशा कुत्र्याला फासळ्यांच्याही मागे एक जादा पट्टी असलेला हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, घ्यावा आणि एक दोरी हार्नेसला, दुसरी गळपट्ट्याला, अशा दोन दोऱ्या लावाव्यात. आपोआप गुंडाळली जाणारी, जाड मुठीची दोरी मात्र वापरू नये; हातातून सुटली की ती मूठ खडखडत कुत्र्याच्या मागे धावत जाते आणि बिचारे त्या पाठलागापासून जीव मुठीत धरून पळत सुटते. गळ्यात तुमचा फोन क्रमांक असलेला बिल्ला कायम हवा, घरातही. मायक्रोचिप बसवलेली असेल तर तिच्या नोंदीतला पत्ता बरोबर आहे ना, हे तपासून घ्या.

काही आठवडे फिरायला नेलेच नाही तरी आभाळ कोसळत नाही. शौचाची सोय घराजवळच्या शांत, कुंपणाच्या जागेत होत असेल तर तेवढेच करा, आणि पुढची वाट एका वेळी दहा पावलांनी वाढवा. ती थांबली तर थांबा, वळली तर वळा. रस्त्यावर पाय रोवून बसलेल्या कुत्र्याला दोरीने फरपटत नेणारे लोक दिसले की मला माझा पलंग आणि काळ्या आठवतो.

पुन्हा पळालीच, तर मागे धावू नका आणि दहा जणांना नाव घेऊन ओरडायला लावू नका. भेदरलेले कुत्रे अशा वेळी मालकाच्या हाकेपासूनही पळते. दिसली तर तिच्याकडे पाठ करून खाली बसा आणि खाऊ आजूबाजूला पसरा. दिसेनाशी झाली, तर ती जिथून निसटली त्या जागी तुमचा वापरलेला कपडा आणि तिचे अंथरूण ठेवा आणि रात्री किंवा पहाटे, रहदारी नसताना, तिथे शांतपणे जाऊन बसा.

प्रश्न : मी निवृत्त आहे आणि एकटा राहतो. राजा माझ्याकडे येऊन चौदा महिने झाले. खातो, फिरतो, पण आजही हात लावू देत नाही. शेजारी म्हणतात, परत देऊन दुसरे चांगले कुत्रे आणा. पशुवैद्यांनी औषधाविषयी सुचवले, पण औषधाने त्याला गुंगवून ठेवणे मला पटत नाही. संध्याकाळी मी खुर्चीत वाचत बसतो तेव्हा तो येऊन माझ्यापासून चार फरश्यांवर पडतो आणि झोपतो. माझेच काही चुकते आहे का?

उत्तर : आधी औषधाचे. गुंगी आणणे आणि भीती कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तुमची शंका पहिल्या प्रकारापुरती रास्त आहे. पूर्वी भित्र्या कुत्र्यांना सर्रास दिले जाणारे असेप्रोमाझीन शरीर सुस्त करते, पण मनातली भीती तशीच राहू शकते, म्हणून केवळ भीतीसाठी ते एकटे देणे आज योग्य मानले जात नाही. फ्लुओक्सेटिनसारखी औषधे वेगळ्या तऱ्हेने काम करतात: ती रोज द्यावी लागतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि मात्रा योग्य असेल तर कुत्रे सहसा झिंगलेले दिसत नाही. त्यांनी भीती पुसली जात नाही; ती इतकी खाली येते की कुत्र्याला काही नवे शिकता यावे. सतत धसक्यात असलेला मेंदू शिकत नाही. तुमच्या पशुवैद्यांना नेमके कोणते औषध सुचवायचे आहे ते विचारा आणि पुन्हा एकदा मोकळेपणाने बोला. घरातल्या माणसांच्या गोळ्यांपैकी काही मात्र स्वतःच्या मनाने देऊ नका. आपल्या साध्या वेदनाशामक गोळ्यांनीही कुत्रे दगावू शकते. आणि सुरू केलेले औषध परस्पर बंदही करू नका.

आता चुकण्याविषयी. तुम्ही चार फरश्या लिहिल्या आहेत, म्हणजे तुम्ही मोजता आहात. आला तेव्हा तो त्या खोलीत झोपत होता का, हे पत्रात नाही. माझा अंदाज आहे की नव्हता. भित्रे कुत्रे डोळे मिटून, कुशीवर पडून माणसाच्या देखत गाढ झोपते तेव्हा पहारा सोडलेला असतो, आणि हात लावू देणे ही त्यापुढची अनेक पायऱ्यांची गोष्ट आहे. काही कुत्री ती पायरी कधीच चढत नाहीत आणि तरीही त्याच एका माणसाच्या खोलीत झोपतात. शेजाऱ्यांचे दुसरे, चांगले कुत्रे दाराशी आलेल्या कोणाच्याही मांडीवर बसेल. राजा परत गेला तर चौदा महिन्यांचे हे सगळे त्याला नव्या माणसाबरोबर पहिल्या फरशीपासून सुरू करावे लागेल.

एक वही घ्या आणि दर रविवारी फरश्यांचा आकडा लिहा. तो कधी चारचा पाचही होईल, पाहुणे येऊन गेल्यावर सहाही होईल. तेव्हा काही दिवस अधिक शांततेत जाऊ द्या. खाऊचा तुकडा वाचता वाचता, त्याच्याकडे न पाहता, त्याच्या पलीकडे टाकत जा. खुर्ची मात्र आहे तिथेच असू द्या. ती एका फरशीने पुढे सरकवून पाहावी असे एखाद्या संध्याकाळी नक्की मनात येईल; त्या संध्याकाळी तेवढे करू नका.